गळ्याखालचा समाधान

मोशीत मध्यंतरी बातमी होती, की समाधानला चऱ्होलीच्या एकाच घरातून तीनदा नकार आला, तरी गडी चौथ्यांदा निघालाय. सोसायटीतल्या बायकांनी हळहळूनही घेतलं. खरं म्हणजे आधीचे तिघे वेगळेच होते. फक्त गळ्याखाली समाधान होता.

समाधान मूळचा औशाकडचा. मोशीच्या बसथांब्यासमोर त्याचं फोटोचं दुकान. दुकान म्हणजे एक शटर, एक कॉम्प्युटर आणि एक स्टूल. फोटोतला माणूस मागच्या भिंतीपासून, मित्रांपासून, वेळ पडली तर बायकोपासूनही अलगद कापून काढावा तर समाधाननंच. चाकणच्या कंपन्यांतली लग्नाळू पोरं पहिली शिफ्ट सुटली की थेट त्याच्याकडे. अंगात ऑइलचे डाग पडलेला युनिफॉर्म, आणि बायोडाटा तर संध्याकाळच्या आत पाठवायचा. कोट कुणाकडेच नाही.

कोट होता समाधानकडे, चुलतभावाच्या लग्नात शिवलेला. तो घालून त्यानं स्वतःचा एक झकास फोटो काढला, त्याच्या कॉपीतलं आपलं डोकं उडवलं आणि येईल त्याचं डोकं तिथं बसवायला लागला. हाताचा रंग चेहऱ्याला जुळवून द्यायचा; कामात खोट नाही. फोटोच्या दिवशी कटर लागून डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती, ती मात्र राहून गेली. कुणी म्हटलंच तर याचं उत्तर तयार, "स्थळ बघताना अंगठे कोण बघतं राव?"

अंगठे बघणारा माणूस चऱ्होलीत होता. ज्योतीराम. चाकणच्या एका कारखान्यात वीस वर्षं क्वालिटीला. दिवसभर पार्ट उलटसुलट करून नापास करायचे, आणि घरी आल्यावर लेकीसाठी आलेली स्थळं.

लेक विजयश्री, बालवाडीत शिकवते. शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला ती समाधानच्या दुकानात आली होती. मागची भिंत पांढरी करायची, एवढंच काम. सॉफ्टवेअर एका बटणात करतं. पण तिचे केस कुरळे आणि मोकळे. बटण दाबल्यावर निम्मे केस भिंतीबरोबर गेले. मग समाधान माउस धरून बसला आणि एकेक बट हातानं सोडवत राहिला. तीस रुपयांच्या कामाला अख्खी दुपार लागली. शेवटची बट सुटेपर्यंत हा पुरता अडकला होता.

वरच्या मजल्यावरच्या सुमनताई लग्नं जुळवतात. त्यांच्याकरवी त्यानं आपला बायोडाटा चऱ्होलीला धाडला. फोटो तोच, कोटातला; पण मूळचा, स्वतःच्या डोक्यासकट.

दुसऱ्याच दिवशी ज्योतीरामचा फोन. सुमनताईंनी निरोप जसाच्या तसा दुकानात आणून टाकला. "म्हणतात, हा चौथा. चौघांचा कोट एक, चौघांच्या अंगठ्याला पट्टी. पोराला म्हणावं, खरा फोटो पाठव. अरे, शर्टातला एखादा दे ना."

"ताई," समाधान म्हणाला, "आयुष्यात हा एकच फोटो मी न कापता पाठवलाय."

"मग त्यांना कसं पटायचं?"

"जाऊन दाखवतो."

रविवारी भर उन्हात, तोच कोट घालून, तो सुमनताईंना मागे बसवून चऱ्होलीला गेला. पोचेपर्यंत कोट आतून भिजला होता. ज्योतीरामनं पाणी दिलं, बसवलं आणि चारही बायोडाटा टीपॉयवर ओळीनं मांडले. पहिल्या तिघांच्या फोटोंवर लाल पेननं खुणा होत्या. एकाच्या दातांना गोल, एकाच्या डोळ्यांना, तिसऱ्याच्या मिशीला. कंपनीतली सवय.

मग चष्मा चढवून त्यानं समाधानची मान डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली.

"जोड दिसत नाही."

"बाबा, अंगठा बघा ना," आतल्या दारातून विजयश्री म्हणाली. पोह्यांची बशी तिच्या हातात तशीच होती.

ज्योतीरामनं अंगठा उजेडाकडे धरला. पट्टी कधीच गेली होती. तिच्या जागी तिरका पांढरा वण होता. त्यानं त्यावरून नख फिरवून खात्री केली.

"माल ओरिजिनल आहे," तो सुमनताईंना म्हणाला. मग समाधानकडे वळला. "पण पाव्हणं, माझी अडचण समजून घ्या. त्या तिघांना मी नापास केलंय. म्हणजे तुम्हाला आधीच तीन वेळा नापास केलंय. आता पास करायचं ते कोणत्या तोंडानं?"

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. समाधाननं घाम पुसला, टीपॉयवरचे त्या तिघांचे कागद स्वतःकडे ओढले आणि लाल खुणांवरून एकदा बोट फिरवलं.

"काका, दात, डोळे, मिशी. तुमच्या सगळ्या खुणा गळ्याच्या वर आहेत," तो म्हणाला. "गळ्याखाली तीनदा तपासून तुम्हाला एकही खोट सापडली नाही. आता फक्त डोकं बघायचं राहिलंय, ते मी घेऊन आलोय."