फोटोवरचा हार

त्या बाईंना मी एकदाच पाहिलं. बारामतीला आमच्या गृहविज्ञान महाविद्यालयात जुन्या शिक्षिकांचा सन्मान होता. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे सांगतील ते काम मन लावून करायची. हयात नसलेल्या शिक्षिकांच्या फोटोंना आम्ही मुलींनी सकाळीच झेंडूचे हार घातले होते.

कार्यक्रमाआधी एक वयस्क बाई एकट्याच आल्या. बसायच्या आधी त्यांनी टेबलावरच्या कापडाची कड उलटवून शिवण निरखली. मग फोटो बघत बघत एकापुढे थांबल्या.

"हा फोटो माझा हाय," त्या म्हणाल्या.

फोटोतल्या तरुण बाईंच्या हनुवटीवरचा तीळ समोरच्या चेहऱ्यावर होता. मी घाईने हार काढला आणि मला रडूच आलं.

"अगं, रडतीस काय? बावड्यासारख्या खेड्यात जाऊन राहिलं, की बारामतीकरांना माणूस गेल्यातच जमा!" त्या हसल्या. मग हाराकडे बघून म्हणाल्या, "ताजा हाय. वाया घालवू नको. एवढं शिकवलं न्हाय व्हय तुमाला?"

आणि माझ्या हातातल्या हारापुढे त्यांनी मान वाकवली.