आत ठेवायची गोळी

साखरपुडा झाला आणि पाठोपाठ माझी अक्कलदाढ काढावी लागली. डेंटिस्टनं जबरदस्त अँटिबायोटिक दिलं. दाढेचं दुखणं थांबलं आणि भलतीकडेच सुरू झालं. आधी नुसती खाज. मग लघवीला गेलं की आग, आणि चड्डीवर फाटलेल्या दुधासारखं पांढरं. मी ठाण्याला एका इंटिरियरवाल्यांच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. क्लायंटला किचनचा प्लॅन समजावताना मी मांड्या आवळून उभी असायचे, आणि तो बिचारा ओट्याची उंची विचारत असायचा.

आम्ही टिटवाळ्याला राहतो, आई, बाबा आणि मी. आईला सांगितलं तर तिचं निदान तयार होतं.

"उष्णता आहे. सब्जा खा. आणि तुरटीच्या पाण्यानं धू."

तुरटीनं धुतलं आणि बाथरूममध्ये भिंतीला हात टेकून रडले. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंची अपॉइंटमेंट घेतली. आई म्हणाली, मी येणार. लग्न ठरलेली मुलगी एकटी अशा डॉक्टरकडे जाते हे तिला बरं दिसत नव्हतं.

बाईंनी तपासलं, हात धुतले आणि सरळ सांगितलं, "बुरशीचा संसर्ग आहे. अँटिबायोटिकनंतर पुष्कळ जणींना होतो. यात घाणेरडं काही नाही, आणि कुणाकडून लागलंय असंही नाही. तुरटीबिरटी बंद. साबण आतून लावायचा नाही."

पोटात घ्यायची गोळी मला चालत नाही. मागे एकदा घेतली होती, तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या. ते सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मग योनीत ठेवायच्या गोळ्या देते, आणि बाहेरून लावायला मलम. झोपताना एक ठेवायची. बरं वाटलं तरी कोर्स पुरा करायचा."

मी काही विचारायच्या आत आई म्हणाली, "डॉक्टर, तिचं लग्न व्हायचंय अजून."

"मग?"

"म्हणजे... आत काही घातलं तर..."

"पाळी येते ना तिला? येते म्हणजे वाट आहे. गोळी एवढीशी असते. तो पडदा म्हणजे काही बाटलीचं सील नव्हे हो, आई."

मी ठाण्यातच गोळ्या घेतल्या आणि घरी आल्यावर कपाटात ठेवल्या. रात्री बघते तर जागेवर नाहीत.

"टाकून दिल्या," आई कणीक मळता मळता म्हणाली. "लग्न झाल्यावर घे काय घ्यायचं ते."

"तोपर्यंत काय करू? खाजवत बसू?"

"हळू बोल, बाबा आहेत हॉलमध्ये."

त्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. इतके दिवस मी हळू बोलत होते, हळू चालत होते, ऑफिसच्या टॉयलेटमध्येसुद्धा हळू रडत होते. मी हॉलमध्ये गेले. बाबा बातम्या बघत होते.

"बाबा, मला योनीत इन्फेक्शन झालंय. डॉक्टरांनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या. आईनं त्या कचऱ्यात टाकल्या."

तो शब्द आमच्या घरात त्याआधी कुणी उच्चारला नसावा. बाबांचे कान लाल झाले. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि रिमोट हातात धरून बसले. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली.

"बायकांचं आहे ते, तुम्ही मध्ये पडू नका."

"मी पडत नाही," बाबा म्हणाले. "पण औषध डॉक्टरनं दिलंय ना? मग ते टाकायचं कशाला?" आणि माझ्याकडे न बघता, "मी आणून देऊ का?"

मला त्यांची कीव आली आणि प्रेमही वाटलं. पण मी म्हटलं, "नको. मीच आणते."

आणि मी मुद्दाम बिल्डिंगखालच्या मेडिकलमध्ये गेले. आई असलं काही हवं असलं की कल्याणला जाऊन आणते, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. काउंटरवर आमच्या विंगमधले एक काका बीपीच्या गोळ्या घेत होते. मी प्रिस्क्रिप्शन पुढे केलं. मेडिकलवाल्यानं वाचलं, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, ही मॅरिड लेडीजसाठी असते."

"असं त्यावर लिहिलंय का?"

"नाही, पण..."

"मग द्या. योनीत ठेवायच्या गोळ्या आहेत, मला माहितीये."

काकांनी एकदम मोबाईल काढला. मेडिकलवाल्यानं पाकीट काळ्या पिशवीत घालायला घेतलं. मी म्हटलं पिशवी नको. पाकीट हातात धरून लिफ्टनं वर आले. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू होत्या, त्यांनी पाकिटाकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं. त्या तिसऱ्या मजल्यावर उतरल्या, राहतात पाचव्यावर.

खरं सांगायचं तर एवढा तोरा दाखवून खोलीचं दार लावलं आणि पाकिटातला कागद दोनदा वाचला. स्वतःच्याच शरीरात कुठे काय आहे हे मला नीट माहीत नव्हतं. आर्किटेक्चरचा डिप्लोमा केलेली मी, दुसऱ्यांच्या घरांतला प्रत्येक पाइप कुठून जातो हे सांगू शकते. हात धुतले, पाठीवर आडवी झाले, गुडघे दुमडले. पहिल्यांदा अंग इतकं आवळलं गेलं की गोळी आत जाईनाच. लांब श्वास घेतला, पुन्हा बोटानं हळूच ढकलली. जरा गार लागलं, थोडं चुरचुरलं, बस. ज्याच्यासाठी घरात महाभारत झालं ते इतकंच होतं. सकाळी पॅडवर विरघळलेल्या गोळीची पांढरी पूड दिसली. कोर्स संपायच्या आधीच मी क्लायंटसमोर माणसासारखी उभी राहायला लागले होते.

आईचा राग मात्र उतरेना. "त्याला कळलं तर?" हे तिचं पालुपद. तिला वाटायचं, लग्न मोडेल. म्हणून मीच सांगायचं ठरवलं. ज्याची भीती घालता येते ते आपणच बोलून टाकलेलं बरं.

माझा होणारा नवरा डोंबिवलीला राहतो. आम्ही तिथल्या एका डोशाच्या हॉटेलात भेटलो आणि मी सगळं सांगितलं. त्यानं आधी आजूबाजूला बघितलं.

"हे मला का सांगतेयस?"

"आईला वाटतं, तुला कळलं तर तू लग्न मोडशील. मोडायचं असेल तर आत्ताच सांग. हॉल बुक व्हायचाय अजून."

तो चटणीत बोट फिरवायला लागला. मला वाटलं, उठतोय आता. मग तो म्हणाला, "माझ्या बहिणीला असंच काहीतरी होतंय बहुतेक. आई तिला तुरटी देते. त्या डॉक्टरांचा नंबर दे ना."

त्याच्या बहिणीला, कॉलेजात जाणाऱ्या पोरीला, घेऊन मीच ठाण्याला गेले. दारातच तिनं माझा हात पकडला आणि पुटपुटली, "माझं लग्न नाही झालेलं, सांगायचं का?" मी म्हटलं, "विचारलं तर सांग. लाजायचं मात्र काही कारण नाही."

आईला अजून पटलेलं नाही. उरलेली अर्धी ट्यूब, बाहेरून लावायच्या मलमाची, मी बाथरूमच्या फळीवर टूथपेस्टशेजारी ठेवते. ती ट्यूबपुढे पावडरचा डबा आणून ठेवते. मी तो बाजूला सारते. संध्याकाळी घरी आले की डबा पुन्हा पुढे असतो, आणि मी पुन्हा सारते.