गट सांभाळणारे काका

परळच्या इस्पितळांत गावाहून येणाऱ्या रुग्णांना रक्त मिळावं म्हणून आमच्या कंपनीच्या ॲपवर एक गट आहे. ब्याऐंशीच्या संपात गिरणीतली नोकरी गेलेले लालबागचे एक काका तो फुकट सांभाळतात. आलेला प्रत्येक निरोप ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवतात. काकू "खरा वाटतो" म्हणाल्या, तरच तो गटावर जातो. मी कॉलेजात असताना वडिलांच्या ऑपरेशनला त्यांनीच रक्तदाता शोधून दिला होता.

कंपनीने या निरोपांच्या मध्ये जाहिराती घातल्या, तेव्हा काकांनी गटच बंद केला. "उघडा, नाहीतर तुम्हाला काढू," असं सांगायला साहेबांनी मला त्यांच्या घरी पाठवलं.

"काका, हा संप किती दिवस चालणार?"

"आमचा पयला संपच अजून कोणी मागे घेतलेला नाय," ते हसले. "आणि पगार न देणारी कंपनी मला काढणार कशी रे?"

मग त्यांनी रक्तदात्यांच्या नंबरांची वही पुढे सरकवली. गट बंद असला तरी अडलेल्यांसाठी ते घरून फोन करत होते. "आज दोघांना रक्त हवंय. तू शिकलेला, तुझं ऐकतील. लाव फोन."

दोन्ही दाते मिळेपर्यंत मी तिथेच बसलो. मग साहेबांना कळवलं, काका घरी भेटले नाहीत.