दोन धुतलेली बोटं

मी बाराखडी शिकले ती पत्रकांवरून. माझे वडील, आबा, पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये रंगखात्यात. गेटवर वाटलेली कामगारांची पत्रकं ते खिशात घालून आणायचे. त्यामुळे दादा सैन्यातून शांतिसेनेबरोबर परदेशात गेला आणि त्याच्या मताचा प्रश्न आला, तेव्हा मी आधी पत्रकच लिहिलं : 'जो देशासाठी उभा राहतो, त्याला मतदानाच्या रांगेत जागा नाही?' सगळ्या सोसायटीत वाटलं.

दादाने निमूट फॉर्म भरला. त्याच्या छावणीतलं टपाल कधी पोचेल याचा नेम नव्हता, म्हणून त्याने आबांना प्रतिनिधी नेमलं. सैनिकाला ती मुभा आहे. स्वतःच्या मताची शाई डाव्या तर्जनीला, सैनिकाच्या मताची मधल्या बोटाला. हे वाचून मी घरभर नाचले. आई म्हणाली, "नाच, पण दोघं एका पक्षाचे आहेत का ते विचार आधी." नव्हतेच. दोघं जेवायला बसले की राजकारणावरून वाट्या आपटायच्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी मिलमध्ये काळ्या रंगाचा माल होता. आबा हातमोजे घालत नाहीत. म्हणतात, मोज्यातून कापड बोलत नाही. म्हणून केंद्रावर त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, तर पाचही बोटं मनगटापर्यंत काळी!

टेबलावरच्या साहेबांना ती मतदानाचीच शाई वाटली. ते गुजरातीत म्हणाले, "काका, तमे तो वोट आपी दीधो!"

मी पुढे सरसावले. घटना, सैनिक, कामगार, सगळं एका दमात काढलं. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बेन, भाषण पछी, पहेला वोट!" अख्खी रांग हसली. मतदान संपायला अर्धा तास उरला होता आणि दादाचं मत त्या काळ्या हातात अडकलं होतं.

आबांनीच तोड काढली. "साहेब, तुमची शाई धुतल्याने जात नाही. माझी जाते. आलोच." आणि ते पळाले! गुडघे धरून जिना चढणारा माणूस चपला हातात घेऊन पळत होता, मागे मी. घरी रंग काढायची पावडर होती, तीही डब्याच्या तळाशी. आईने पाणी ओतलं. पावडर पुरली दोनच बोटांना.

पुन्हा धावत आलो तेव्हा रांगेनेच आम्हाला पुढे ढकललं. काळ्या हातावर दोन गोरी बोटं, जणू लग्नाला निघालेली! साहेबांनी कागद पाहिले, बोटं उलटसुलट पाहिली, वास घेऊन नाक मुरडलं आणि खुदकन हसले. दोन्ही बोटांना शाई लागली. मशीन दोनदा वाजलं. मी बाहेर उभी राहून टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी दादाचा व्हिडिओ कॉल आला. आबांनी हात कॅमेऱ्यासमोर धरला.

"आबा, खरं सांगा. माझं मत कोणाला दिलंत?"

"तू सांगितलंस त्यालाच."

"आणि तुमचं?"

"ते गुप्त असतं." पण मिशीतून हसू फुटलंच.

मी कपाळावर हात मारला. "म्हणजे दोन्ही मतं एकमेकांना खाऊन गेली! मग एवढं पळालात कशाला?"

आबांनी बोटं वर केली. "तुनं मत तुले, मनं मत मले," ते गावच्या बोलीत फोनमधल्या दादाला म्हणाले, आणि तिकडे दादाने खाडकन सॅल्यूट ठोकला.