अडलेला पत्ता

शाळेत त्याला सगळे कुलूपमास्तर म्हणायचे. मुलांच्या संगणकावर कुठलं संकेतस्थळ उघडू द्यायचं आणि कुठलं नाही, हे तो ठरवायचा. जुगाराचे, फसवणुकीचे, घाणेरडे असे हजारो पत्ते त्यानं बंद केले होते. नवा पत्ता आपोआप अडायचा. मास्तर त्याचं पान न् पान तपासणार, तेव्हा कुठे तो सुटणार.

सोमवारी चित्रकलेच्या बाई तणतणत आल्या. "अहो मास्तर, मातीची भांडी करणाऱ्या पोरीचं संकेतस्थळ ते! त्यात कसला आलाय धोका? तुम्ही तर आरशालाही ओळखपत्र मागाल."

"बघतो," तो म्हणाला.

पान उघडलं नि त्याचा हात माऊसवरच राहिला. चाकावर वाकलेली त्याची लेक! चार वर्षांपूर्वी "चिखल कालवून पोट भरतं का?" असं तो बोलून गेला, आणि पोरगी पिशवी उचलून गेली ती गेलीच. ना ठावठिकाणा, ना फोन.

तपासणी दहा मिनिटांची. त्यानं अख्खी दुपार घातली. एकेक सुरई, एकेक वाडगा. लेक वाळली होती. शेवटच्या पानावर मात्र फॉर्म होता: मुलांनो, नाव, घरचा पत्ता, फोन नंबर लिहा, मी शिकवायला येते. मुलांची अशी माहिती मागणारं काहीही सोडायचं नाही, हा नियम त्याचाच. पोटची पोर म्हणून सोडलं, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवणार?

त्यानं शाळेकडून पत्र पाठवलं: फॉर्म काढावा, मग पत्ता खुला करू. वर 'बाळ' लिहिलं, खोडलं. खाली नुसता हुद्दा. संपर्कासाठी ऑफिसचा नंबर द्यायचा असतो. त्यानं घरचा दिला. तिला लहानपणापासून पाठ असलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानावरचा फॉर्म काढलेला दिसला. पत्राला उत्तर नाही. त्यानं पत्ता खुला केला आणि शाळा सुटताच तडक घर गाठलं.

"फोन आला होता का गं?"

"आला होता," बायको म्हणाली. "पण पलीकडून कुणी बोलेचना."

"मग ठेवलास?"

"ठेवते कशी? श्वास ऐकू येत होता. मीही धरून उभी राहिले."

त्यानं खुर्ची ओढून फोनपाशी घेतली आणि पायातले बूटही न काढता बसला.