खिशातली निलगिरी

आमच्या दिंद्रुडातले एक कापड दुकानदार सदऱ्याच्या खिशात निलगिरीच्या तेलाची बाटली घेऊनच फिरतात. कुणी शिंकलं की दातांनी झाकण उघडून रुमालावर दोन थेंब टाकणार. गुडघ्याला चोळा, वाफेत टाका. "बिनधास्त लावा, झाडाचं हाय, अपाय न्हाई!" वाफेनं माझंही नाक मोकळं झालंय, ते मी नाकारत नाही.

पण भाचीच्या बारशाला त्यांनी तेलाचं बोट थेट पाळण्यातल्या तान्हीच्या नाकाला लावलं. पोरीचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. मी पोरीला उचललं, नाक पुसलं. ती रडली तेव्हा जीवात जीव आला. मी ओरडले, "का म्हून लावलं तुमी?" तर हसतात! "लई शिकलीस ग तू."

परवा भाचीला लस द्यायला अंबाजोगाईला नेलं, तर दवाखान्यात ते आपल्या तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेले. नातवाला सर्दी होती. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "घरी नाकाला काही लावलं का?"

"छे, मॅडम! तान्ह्या लेकराला निलगिरी चालत न्हाई. पहिल्यापासून ठावं हाय मला."