पालकांच्या बाकावर मिस्त्री

आमच्या केंद्रातले मिस्त्री म्हणजे नाकावर राग. उभी हयात बांधकामावर गेलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "मी कुणाला सुधारत-बिधारत नाही. ज्यानं मोडलं त्यानं जोडायचं, बस."

केंद्र सरकारी अनुदानावर चालतं. अल्पवयीन पोरानं कुणाचं नुकसान केलं, की सुधारगृहाऐवजी न्यायालय त्याला आमच्याकडे पाठवतं. त्यानं ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर बसायचं आणि मिस्त्रींच्या हाताखाली राबून ते भरून द्यायचं. ओळंब्याच्या दोरीला भिंत जराशी वाकडी आली, तरी मिस्त्री पाडायला लावत. पोरं त्यांना मागून 'ओळंबा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

मग त्यांच्याच लेकीच्या मुलानं दोन मित्रांना घेऊन एका सायकल दुरुस्तीवाल्याचं दुकान फोडलं. चोरलं काहीच नाही. हवा भरायचं यंत्र रस्त्यावर आणून आपटलं, नुसती मजा म्हणून.

मित्रांना आमच्याकडे जागा मिळाली, नातवाला नाही. कर्मचाऱ्याचा नातेवाईक घेतला तर अनुदान बंद, अशी अटच होती. लेक धावत आली.

"बाबा, त्याचं आडनाव वेगळं आहे. कोण बघतंय?"

केंद्र चालवणारी मीही म्हणाले, "मिस्त्री, मी करते डोळेझाक."

ते माझ्यावर असे खेकसले की हातातला चहा सांडला. "उद्या कळलं तर सगळीच पोरं आत जातील! आणि याला काय शिकवू मी? वशिला?"

"मग जाऊ दे तुमचा नातू सुधारगृहात!" लेक रडायला लागली.

मिस्त्री बराच वेळ थापी पुसत बसले. मग मला म्हणाले, "बाई, राजीनामा कसा लिहितात ते सांगा."

मला त्यांचा भयंकर राग आला. असा माणूस पुन्हा कुठून आणायचा? आता नवा मिस्त्री आहे, भला आहे बिचारा, पण पोरं त्याला टोपणनावसुद्धा ठेवत नाहीत.

मिस्त्री कर्मचारी उरले नाहीत, तशी नातवाला आमच्याकडे जागा मिळाली. त्याच्या पहिल्या बैठकीला आजोबा पालक म्हणून आले. बैठकीत पालकांनी तोंड उघडायचं नाही. हा नियम त्यांनीच घातलेला, कारण आईबाप माफी मागून मोकळे होतात आणि पोरगं कोरडं ते कोरडंच राहतं.

दुरुस्तीवाला म्हणाला, "तेव्हापासून हातपंपानं हवा भरतोय. रात्री खांदा वर उचलत नाही."

नातवानं आजोबांकडे पाहिलं. मिस्त्रींचे ओठ हलले. मी हात वर करून त्यांना थांबवलं. माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

शेवटी पोरानं मान खाली घालून विचारलं, "काका, कुठला खांदा?"

"उजवा."

"उद्यापासून पंप मी मारतो. यंत्र नीट होईपर्यंत."

मिस्त्री बाकावर बसून रडत होते, आणि डोळे पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.